मांजर लोळतंय, पिसाळलेलं नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचं हे लेखी रूप आहे. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

 

आज मांजराबद्दल बोलायचं आहे. कुणाला वाटेल, मांजरावर काय भाषण द्यायचं? पण बायांनो, घरात धान्य आलं की उंदीर येतो, आणि उंदीर आला की मांजर लागतंच. कणगीतली ज्वारी, पोत्यातले गहू, पुढच्या पेरणीसाठी जपून ठेवलेलं बियाणं, ही सगळी वर्षाची मेहनत रात्रभर एकटं मांजर राखत असतं. तेव्हा त्याचं काय चाललंय, हे घरातल्या बाईला कळलेलं बरं.

पावसाळ्यात परसातलं तण खुरपताना तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एक प्रकार बघितला असेल. उपटलेलं तण बाजूला टाकलं की कुठून तरी मांजर येतं. त्या ढिगातलं एकच रोप शोधून काढतं. त्याच्या मुळाला नाक लावतं, मूळ चावतं, हनुवटी घासतं, गाल घासतं. मग धाडकन आडवं पडतं आणि लोळायला लागतं. तोंडातून लाळ गळते. हाक मारली तरी लक्ष देत नाही.

आता हे बघून घरात काय बोललं जातं? एखाद्या आजी म्हणतात, "अगं, याला बाहेरचं काही लागलंय, मीठमोहऱ्या उतरून टाका." दीर म्हणतो, "वहिनी, लांब व्हा, पिसाळलंय ते." कुणी म्हणतं, विषारी पाला खाल्ला. आणि मग बिचाऱ्याला काठी बसते, नाहीतर पोत्यात घालून शिवेपलीकडे सोडून येतात. चार दिवसांनी उंदरांनी पोतं कुरतडलं की त्याची आठवण येते.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. मांजर कोणत्या रोपावर लोळतं, ते का लोळतं, आणि खरोखर आजारी असलेलं मांजर वेगळं कसं ओळखायचं. तिसरी गोष्ट नीट ऐका, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

ते रोप कोणतं?

आपल्याकडच्या त्या रोपाचं नाव खोकली. कुठे कुप्पी म्हणतात, कुठे खाजोटी. शास्त्रीय नाव अ‍ॅकॅलिफा इंडिका. हे एरंडाच्या कुळातलं तण आहे. उकिरड्याच्या कडेला, भिंतीच्या पायाशी, कुंडीत, कुठेही न लावता उगवतं आणि साधारण गुडघ्याएवढं होतं. पान रुंद, टोकाकडे निमुळतं, कडेला करवतीसारखे बारीक दाते. पानांचे देठ लांब असतात, आणि सगळे सारख्या लांबीचे नसतात. त्यामुळे वरून बघितलं तर पानं एकमेकींच्या मधल्या जागेत बसलेली दिसतात, प्रत्येकीला ऊन मिळतं. फुलांचे उभे तुरे येतात आणि त्या तुऱ्यावर हिरव्या, दातेरी काठाच्या बारीक वाट्या असतात. ही वाटी दिसली की खोकली ओळखली.

खोकली जमिनीत उभी असते तोवर मांजर तिच्या शेजारून निघून जातं. ते भुलतं ते तिच्या मुळाला. मूळ उपटून उघडं पडलं की त्याचा वास सुटतो. म्हणूनच हा प्रकार खुरपणाऱ्या बायकांच्या नजरेला आधी पडतो. रस्त्यानं जाणाऱ्याला तो दिसत नाही.

नावांकडे जरा लक्ष द्या. आपण म्हणतो खोकली, कारण आपल्याकडे तिचा उपयोग खोकल्यावर करत आले. तमिळमध्ये तिचं एक नाव आहे पूनैवणंगी. पूनै म्हणजे मांजर, आणि वणंगी म्हणजे नमस्कार करणं, वाकणं. मल्याळममध्ये पूच्चमयक्की, म्हणजे मांजराला गुंगवणारी. समुद्रापलीकडे इंडोनेशियात अकार कुचिंग, म्हणजे मांजराचं मूळ. तीन भाषा, तीन मुलूख, आणि बघितलेली गोष्ट एकच. ही नावं प्रयोगशाळेतल्या कुणी ठेवली नाहीत. ज्यांचे हात मातीत होते, त्यांनी बघितलं आणि नाव ठेवलं. हिंदी-उर्दूतही बिल्लीलोटन हे नाव आहे. ते खोकलीचं नाही, तुळशीच्या कुळातल्या एका सुगंधी वनस्पतीचं आहे, आणि ती युनानी औषधात वापरतात. पण अर्थ तोच, मांजर जिच्यावर लोळतं ती.

शास्त्रज्ञांनी खोकलीची तपासणी अलीकडे केली. हिंदी महासागरात ख्रिसमस बेट नावाचं ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं एक बेट आहे. तिथे रानटी झालेली मांजरं स्थानिक पक्ष्यांना आणि प्राण्यांना मारतात. त्यांना पकडायचं तर त्यांना ओढून आणेल असं काहीतरी हवं. तिथल्या खोकलीच्या मुळाकडे मांजरं धावतात, हे माहीत होतं. त्या मुळातले मांजराला ओढणारे दोन पदार्थ कोणते, हे संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलं. आणि ते निघाले परदेशातल्या एका प्रसिद्ध झाडातल्या पदार्थाचे अगदी जवळचे भाऊबंद. त्या झाडाकडे आता जाऊ.

कॅटनिप आणि माताताबी

युरोपात आणि पश्चिम आशियापासून थेट हिमालयापर्यंत एक झाड उगवतं. इंग्रजीत त्याला कॅटनिप म्हणतात, शास्त्रीय नाव नेपेटा कटारिया. हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं. तुळशीची काडी बोटात फिरवून बघा, चौकोनी लागते. याचीही तशीच. पानं करड्या हिरव्या रंगाची, लवदार, बदामाच्या आकाराची. फुलं पांढरी, वर जांभळे ठिपके. युरोपातले लोक अमेरिकेत राहायला गेले तेव्हा ते हे झाड सोबत घेऊन गेले, आणि आता तिथे ते रानोमाळ झालं आहे. तिकडे या पाल्याचा घरगुती काढाही करत असत, जसा आपण गवती चहाचा करतो. माणसाला त्यानं मांजरासारखं काही होत नाही. आजकाल आपल्या मोठ्या शहरांतही पाळीव प्राण्यांच्या दुकानात हा वाळवलेला पाला आणि तो भरलेले कापडी उंदीर विकायला असतात.

कॅटनिपच्या पानातला मांजराला खुळावणारा पदार्थ म्हणजे नेपेटालॅक्टोन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅकएल्वेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९४१ साली हे काम प्रसिद्ध केलं.

जपानमध्ये असंच एक वेल आहे, माताताबी. त्याची बहीण तुम्हाला माहीत आहे. डेंग्यूच्या पेशंटला बघायला येणारे पाहुणे जे तपकिरी, लवदार सालीचं कीवी फळ आणतात, त्या कीवीच्या वेलाची ही बहीण. जपानी मांजरं या वेलाच्या पानांवर आणि फांद्यांवर लोळतात. तिथल्या लोकांना ही गोष्ट कैक पिढ्या ठाऊक आहे.

म्हणजे बघा, एक झाड तुळशीच्या कुळातलं, दुसरं कीवीच्या, तिसरं एरंडाच्या. तिघांचं आपसात काही नातं नाही. तरी तिघांनी जवळपास एकाच जातीचा वास बनवला, आणि तिन्हीकडे मांजर लोळतं.

मांजराला नेमकं काय होतं?

हा सगळा खेळ नाकाचा आहे. पाला पोटात जावाच लागत नाही, नुसता वास पुरतो. वास नाकात शिरतो आणि मेंदूपर्यंत निरोप जातो. मग मांजर ठरलेल्या क्रमानं वागतं. आधी हुंगणं, मग चाटणं आणि चावणं, मग डोकं झटकणं, हनुवटी आणि गाल घासणं, आणि शेवटी लोळणं. काही मांजरं लाळ गाळतात, काही उड्या मारतात, काही नुसती शांत पडून राहतात.

हे किती वेळ चालतं? साधारण पाच ते पंधरा मिनिटं. त्यानंतर मांजर उठतं, अंग झाडतं, चाटून पुसून स्वच्छ होतं आणि चालू लागतं. त्याच वेळी तेच मूळ पुन्हा नाकाशी धरलं तरी ते ढुंकून बघत नाही. निदान तासभर तरी त्या वासाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

सगळ्याच मांजरांना असं होत नाही. कॅटनिपच्या बाबतीत तीन मोठ्या मांजरांमधल्या साधारण दोघांना होतं, तिसरं वास घेऊन निघून जातं. हा गुण आईबापाकडून येतो. लहान पिल्लांना काही होत नाही, तीनेक महिन्यांची झाल्यावर पुढे त्यांना हा वास कळायला लागतो. तेव्हा तुमचं मांजर लोळतं आणि शेजारणीचं लोळत नाही, तर दोघांपैकी कुणातच खोट नाही. बोका असो की मांजरी, दोघंही लोळतात.

मांजराच्या मोठ्या भाऊबंदांनाही हे होतं. जपानी संशोधकांनी प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्याला, जग्वारला आणि लिंक्स नावाच्या रानमांजराला माताताबीतल्या पदार्थाचा वास दिला, तर तेही घासू लागले, लोळू लागले. कुत्र्याला मात्र काही झालं नाही.

आता एक प्रश्न. याला मांजराची दारू म्हणायचं का? बरेच जण तसं म्हणतात. आपल्या गावागावातल्या बायकांनी दारूचे धंदे बंद पाडायला मोर्चे काढलेत, म्हणून यातला फरक आपल्याला लगेच समजेल. दारू बाहेरून शरीरात जाते. प्यालेला माणूस अजून मागतो, उद्या त्याहून जास्त मागतो. इथे मांजराच्या शरीरात बाहेरून नशा जात नाही. वास आला की त्याच्या स्वतःच्या शरीरातच सुखाचा एक पदार्थ वाढतो. त्याचं नाव एंडॉर्फिन. आपल्याही शरीरात तो असतो. जपानच्या संशोधकांनी मांजराचं रक्त तपासलं, तेव्हा वास दिल्यावर हा पदार्थ वाढलेला दिसला. त्या पदार्थाचा परिणाम अडवणारं औषध आधी टोचलं, तर मांजराचं घासणं-लोळणं कमी झालं. पंधरा मिनिटांनी शरीर स्वतःच खेळ आटोपतं. मांजराला त्याची चटक लागत नाही.

झाडाला याचा काय फायदा?

मांजराला खूश करायला कुठलं झाड कशाला कष्ट घेईल? झाडाचा शत्रू वेगळा आहे. पान कुरतडणारे, रस शोषणारे किडे, हेच त्याचे शत्रू. १९६४ साली थॉमस आयस्नर या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवलं की कॅटनिपच्या वासानं पुष्कळ जातींचे किडे लांब पळतात. म्हणजे हा वास झाडाची राखण करतो. आपण धान्यात कडुनिंबाचा पाला घालतो ना, तसाच प्रकार, फक्त इथे झाडानं आपल्याच पानात तो भरून ठेवला आहे.

किड्यांना तो वास कसा लागत असेल? लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो आठवा. डोळ्यांतून पाणी येतं, मान मागे जाते. मोहरीचा तो झणका टिपणारी एक जागा आपल्या नसांमध्ये आहे. किड्यांच्या अंगातही त्याच जातीची जागा असते, आणि नेपेटालॅक्टोन नेमका तिथे जाऊन लागतो. हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. डासाच्या दृष्टीनं कॅटनिपचं पान म्हणजे फेसलेली मोहरीच. आपल्याला मात्र त्या पानाचा फक्त पुदिन्यासारखा वास येतो.

आता मांजराकडे वळू. त्याच २०२१ साली जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. मांजराला वासाचं नुसतं सुखच हवं असेल तर ते हुंगत बसेल, ते अंग का घासतं? त्यांनी माताताबीतला पदार्थ कागदाला लावला आणि तो कागद जमिनीवर न ठेवता भिंतीवर, वरच्या बाजूला लावला. मांजरांनी काय केलं? मागच्या पायांवर उभी राहून त्या कागदाला गाल आणि डोकं घासलं. जमिनीवर लोळली नाहीत. म्हणजे लोळणं हा हेतू नव्हता. तो वास तोंडाला, डोक्याला, अंगाला लावून घेणं हा हेतू होता. रोप जमिनीवर असतं म्हणून लोळावं लागतं, इतकंच.

मग त्यांनी डास सोडून बघितले. ज्या मांजरांच्या डोक्याला तो पदार्थ लागला होता, त्यांच्या डोक्यावर बसलेले डास साधारण निम्मेच होते. दबा धरून बसणाऱ्या प्राण्याला याचं मोल किती, विचार करा. उंदराच्या बिळासमोर मांजर तासन्‌तास हलत नाही. डास चावला म्हणून कान झटकला तर शिकार गेली. जिथे केस विरळ, त्या नाकावर आणि कानांवर डास बसतात, आणि मांजर नेमकं डोकं आणि तोंडच घासतं.

पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मांजर पान चावतं, फाडतं, तेव्हा माताताबीच्या पानातून निघणारा हा पदार्थ दसपटीनं वाढतो. आपण पुदिना ठेचतो तेव्हा वास उसळतो, तसंच. म्हणजे मांजर पान चावतं ते पोट भरायला नाही. जे आपल्याला वेडेपणा वाटतं, त्यामागे मांजराच्या पूर्वजांपासून चालत आलेलं शहाणपण आहे.

मग आपण डासांसाठी खोकली चोळावी का?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. नको. मांजराच्या प्रयोगात डास निम्मे झाले, संपले नाहीत. आणि हे वास उडून जाणारे असतात, फार वेळ टिकत नाहीत. डेंग्यूच्या डासाला एकदा चावायला मिळालं तरी पुरतं. खोकलीचा रस लेकराच्या अंगाला लावून निर्धास्त झोपू नका, कुणाच्या कातडीला खाजही सुटते. आपला जुना मार्गच खरा. मच्छरदाणी लावा. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, रांजण, टाक्या रिकाम्या करून, घासून, कोरड्या ठेवा. टायरमधलं आणि करवंटीतलं पाणी ओता.

खोकलीबद्दल दुसरा इशारा. काही घरांत खोकल्यावर, जंतावर तिचा रस देतात. काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक घटक कमी असतो, त्याला डॉक्टर जी-सिक्स-पीडीची कमतरता म्हणतात. अशा माणसांनी खोकली घातलेलं पाल्याचं कढण घेतल्यावर त्यांच्या तांबड्या पेशी झपाट्यानं फुटल्याचं श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९९६ साली नोंदवलं आहे. ही कमतरता आपल्याला आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा लेकरांना, गरोदर बाईला, कावीळ झालेल्याला खोकलीचा रस पाजू नका. औषध घेतल्यावर लघवी काळपट लाल झाली, अंग पिवळं पडलं, दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

लोळणं आणि आजार, फरक कसा ओळखायचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मांजर लोळतंय, लाळ गाळतंय. घाबरू नका, आणि लगेच हातही लावू नका. चार पावलं लांब उभ्या राहा आणि बघा.

पहिलं, जवळ रोप आहे का? उपटलेलं मूळ, चावलेली पानं दिसतात का? मग पाव तास थांबा. लोळणं आपोआप थांबलं, मांजर उठलं, नेहमीसारखं चाललं, पाणी प्यालं, तुम्हाला ओळखलं, तर झालं. त्याला काही करायची गरज नाही.

दुसरं, मांजरी माजावर आली आहे का? तेव्हाही ती लोळते, अंग घासते. पण ती मोठमोठ्यानं ओरडते, मागचा भाग वर करते, आणि हे पाव तासात संपत नाही, काही दिवस चालतं. गायी-म्हशी सांभाळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

तिसरं, विषबाधा. लाळ थांबत नाही, अंग थरथरतं, झटके येतात, तोल जातो, उलटी होते. शेतात फवारणी झाली असेल, घरात उंदराचं औषध ठेवलं असेल, किंवा विषानं मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला असेल, तर हा संशय घ्या. आणि हे जरूर लिहून ठेवा, गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध मांजराच्या अंगाला कधीही लावू नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही औषधं गुराला चालतात, पण मांजराचं शरीर ती पचवू शकत नाही. थोड्या औषधानंही मांजर तडफडतं. विषबाधेचा संशय आला की मांजराला टोपलीत किंवा खोक्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि औषधाची बाटली किंवा पुडी सोबत घ्या. मीठाचं पाणी, तेल असलं काही पाजू नका.

चौथं, रेबीज, म्हणजे पिसाळणं. मांजराला तो बहुतेक वेळा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होतो. याची खूण अशी की त्रास थांबत नाही, दिवसागणिक वाढतो. गरीब मांजर कारण नसताना अंगावर येतं, नाहीतर अंधाऱ्या कोपऱ्यात लपून बसतं. आवाज बदलतो. जबडा लोंबतो, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडतात. काही दिवसांतच ते मरतं. असं मांजर दिसलं तर मुलांना लांब ठेवा, त्याला पकडायला जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आणि मांजर चावलं किंवा त्यानं ओरखडलं, तर काय करायचं? जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटं. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं, तेही विचारा. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस पुरे करा. मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, पण त्याचं काय होतं हे बघायला लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. लस मात्र वेळेत घेतली तर जीव वाचतो. "मांजरच तर आहे, कुत्रं थोडंच चावलंय," असं म्हणून ओरखडा अंगावर काढू नका.

घरच्या मांजरालाही रेबीजची लस टोचून घेता येते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि दर वर्षी ती पुन्हा द्या.

थोडक्यात

खोकली परसात दिसली तर सगळीच उपटून जाळू नका. कोपऱ्यात दोन रोपं राहू द्या. मांजर नवीन आणलं असेल आणि ते धान्याच्या खोलीत थांबत नसेल, तर खोकलीचं ताजं मूळ धुऊन तिथे ठेवून बघा. काही मांजरांना ते आवडण्याची शक्यता आहे. फार खाऊ देऊ नका, पोट बिघडेल. पाव तासानं उचलून टाका.

येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या परसातलं एक खोकलीचं रोप मुळासकट घेऊन या. तुऱ्यावरच्या त्या हिरव्या वाट्या एकमेकींना दाखवा. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारा, तुमच्या माहेरी हिला काय म्हणायचे? मांजराचं नाव असलेलं एखादं मराठी नाव कुणाच्या तोंडून निघालं तर ते वहीत लिहा आणि आमच्या केंद्रावर कळवा, पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू. आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: मांजर चावलं, तर साबण, पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी लस.